समविचारींची रंगीत तालीम

२ जानेवारी, शुक्रवार

पोर्तुगाल! चहा घेता घेता श्यामने जाहीर केलं. जसं काही सारसबागेत एक चक्कर मारून येऊ म्हणतोय. उरलेलं आयुष्य तिकडे काढायचं. समुद्रकाठचं गाव, नाव त्यालाही धड उच्चारता येत नाही. आणि आम्ही दोघंच नाही, चार जोडपी मिळून! कल्पना वल्लरी आणि आमोदची. आमोद हा श्यामचा बँकेतला चाळीस वर्षांचा दोस्त. वल्लरी त्याची बायको — निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्याचं तिला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

मग मोबाइलवर व्हिडिओ. तिथे आधीच स्थायिक झालेलं एक इंग्रज जोडपं, एक डच, एक बहुधा जर्मन. सगळे सत्तरीचे, सगळ्यांच्या अंगावर उन्हाने आलेला गाजराचा रंग, सगळ्यांच्या हातात ग्लास. इंग्रज बाई म्हणते, इथे आम्हाला समविचारी माणसं भेटली. कसला समविचार? सहा माणसांत एक विचार दिसला असता तर मी मोबाइल ओवाळला असता!

"बघ, किती मजेत आहेत."

"वाळूत पाय घालून बसायला इतक्या लांब?"

"तुझं सगळं असंच असतं," म्हणाला आणि कप घेऊन आत गेला. कप विसळलासुद्धा. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

६ जानेवारी, मंगळवार

दाढी करताना मोबाइलवर पोर्तुगीज शिकतो. गालाला फेस, आणि आरशातल्या स्वतःला सुप्रभात — बोम दिया! बोम दिया! एकोणसत्तर वर्षांचा माणूस. खिडकीत बसलेलं कबुतर उडून गेलं.

पूर्वाला बंगलोरला फोन केला. वाटलं, लेक तरी बापाला ओरडेल. तर म्हणते, "आई, यू आर सो निगेटिव्ह! बाबांनी आयुष्यात काही मागितलंय का?"

नाही मागितलं. एक्क्याण्णव साली बँक लंडनला पाठवत होती. माझे वडील अंथरुणाला खिळलेले. श्यामने घरी न विचारताच नकार कळवला आणि येताना भाजी घेऊन आला. मला दोन महिन्यांनी आमोदकडून कळलं. तो विषय त्याने आजवर काढलेला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

८ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे सिस्टर अगाथा. चोविसाव्या वर्षी आयर्लंडहून बोटीने आल्या, कॅम्पातल्या आमच्या शाळेत आम्हाला इंग्रजी, शिवण आणि ताठ बसणं शिकवलं. आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. शाळेच्या मागच्या बैठ्या घरात आता तीनच म्हाताऱ्या सिस्टर उरल्यात. एकीला ऐकू येत नाही. दुसरीने पियानोवरून चौऱ्याऐंशी साली अगाथांशी अबोला धरला, तो चालूच. तिघी एकाच टेबलावर जेवतात. अबोलावाली अगाथांच्या पावाला लोणी लावून देते — तोंड फिरवून!

सहज विचारलं, सिस्टर, परक्या देशात तुम्हाला समविचारी माणसं कशी मिळाली?

"मिळाली?" खूप हसल्या. "अगं, आम्हाला कोणी विचारलंच नाही. एकमेकींच्या वाट्याला आलो."

निघताना हात धरून ठेवतात. सोडायचा कधी, ते त्यांच्या लक्षात येत नाही. मीही सोडवून घेत नाही.

पोर्तुगालचं काही बोलले नाही. माझ्यानंतर गुरुवारी तिथे कोण जाणार? हे श्यामलाही बोलले नाही. एका म्हाताऱ्या शिक्षिकेसाठी मी नवऱ्याचा समुद्र अडवून धरतेय, हे मोठ्याने बोलायला फार विचित्र वाटतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वल्लरीकडे सभा. "तिळगूळ घ्या आणि फॉर्म भरा!" चार पानी फॉर्म. समविचार तपासणार! घोरता का — जोडीदाराचं मत स्वतंत्र रकान्यात लिहा. वर्तमानपत्र आधी कोण वाचतं. आमटीत गूळ किती.

बार्शीचे उत्तरेश्वर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वहिनी, गुळाला रकाना हाय, अन् ठेच्याला न्हाई. आमचं मागासवर्गीयात घेताय का?" त्यांच्या मुक्ताई पदर तोंडाला लावून हसल्या. वल्लरी हसली नाही. तिने "इतर" या रकान्याकडे बोट दाखवलं. चौथं जोडपं डॉक्टरांचं, सीताराम आणि नम्रता. ते कुणाशीच सहमत नसतात, पण नम्रपणे.

ठरलं असं — शनिवारपासून पंधरा दिवस येरवड्याला एक बंगला भाड्याने. चार जोडपी एकत्र राहणार. रंगीत तालीम! शेवटच्या दिवशी गुप्त मतदान. सूचक आमोद, अनुमोदक श्याम. माझ्याकडे न बघता हात वर केला.

१६ जानेवारी, शुक्रवार

कामाच्या रुपालीला सांगितलं, पंधरा दिवस आम्ही येरवड्याला असू. लादी पुसायची थांबली. "अगंबाई! काय केलं साहेबांनी?"

१८ जानेवारी, रविवार

येरवडा, दिवस दुसरा. स्वयंपाकघरात कागद चिकटलेत. "दूध उतू घालवणाऱ्याने ओटा पुसावा." "दुपारी एक ते चार पोर्तुगालमध्येही विश्रांतीच." वल्लरीचं टपोरं अक्षर. परदेशी जाऊन नवं जग बघायचं म्हणे — आणि सोबत काय नेणार, तर ही पाटी!

सकाळी सगळ्यांनी बागेत खुर्च्या मांडून "समुद्राकडे बघायचा" सराव केला. समोर शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी. डॉक्टर म्हणाले, ऊन जास्त आहे. आमोद म्हणाला, तिथलं ऊन वेगळं असतं. श्यामने नवी गवती टोपी घातली होती. मला हसू आलं. आणि मग — हे फक्त इथेच लिहिते — टोपी त्याला छान दिसते.

२० जानेवारी, मंगळवार

आमटीत गूळ. मुक्ताईंनी पदराआडून ठेच्याची बाटली काढून माझ्या ताटात चमचाभर वाढला. "गप खावा." या तिघींत मला समविचारी कोण असेल तर ही बाई!

२२ जानेवारी, गुरुवार

निघताना वल्लरी दारात. "सरोजिनी, तालमीत सुट्टी नसते हं."

म्हटलं, "दाताच्या डॉक्टरकडे जातेय." शाळेनंतर पहिल्यांदा इतकं सहज खोटं बोलले. तेही सिस्टरांना भेटायला!

सिस्टरांना आज ताप. वाचायला नको म्हणाल्या. नुसती बसले.

परत आले तर श्यामने विचारलं, "कोणता दात?"

"डावीकडचा."

"बरं," म्हणाला.

२६ जानेवारी, सोमवार

वल्लरीने सकाळी झेंड्यापुढे भाषण केलं. देशप्रेमावर! श्रोते — देश सोडायला निघालेली चार जोडपी. एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी श्याम आणि उत्तरेश्वर गच्चीत गात होते. श्याम गातो! लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मी त्याला गाताना तीनदा ऐकलंय. बेसूर, पण मोकळा. खाली ओट्याशी मी तशीच उभी राहिले, हातात ओलं फडकं.

या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. त्याच्या या आवाजाचं काय करू?

२९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा "दात". सिस्टरांचा ताप उतरलाय. लोणीवाली पलंगाशी खुर्ची टाकून बसली होती, पाठ करून. मी गेल्यावर उठून गेली. न बोलता.

३१ जानेवारी, शनिवार

झालं. लिहून टाकते, नाहीतर झोप नाही.

श्रीखंडाचे चार रिकामे डबे, प्रत्येकावर एका जोडप्याचं नाव. प्रत्येकाने प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकायची — "हो" किंवा "नको". एक जरी "नको" निघालं तरी ते जोडपं बाद. स्वतःच्या डब्यातसुद्धा टाकायची! कारण वल्लरीने खुलासा केला — "समजा एखादीचं मन बदललं, तर नवऱ्याच्या तोंडावर सांगायची पंचाईत नको." मी चमकून बघितलं. तिचं लक्ष डब्यांकडे होतं. या बाईला कधीकधी अक्कलही असते, हे फार गैरसोयीचं आहे.

एकेकाने आतल्या खोलीत जायचं. मी बाकीच्या तीन डब्यांत "हो" टाकलं. जा बाबांनो, खुशाल जा. मग आमचा डबा. डाव्या हाताने लिहिलं, अक्षर कळू नये म्हणून. नुसतं "नको" लिहिलं, पण ते इतकं उघडंबोडकं दिसायला लागलं की राहवेना. पुढे लिहिलं — आभारी आहे. घडी घातली. टाकली.

मतमोजणी श्यामकडे. बँकेचा माणूस, दुसरं कोण! दार लावून एकटाच मोजत होता. आम्ही सात जण बाहेर पोहे खात बसलो. बराच वेळ लागला. बाहेर आला, चार डब्यांच्या चिठ्ठ्यांची चार पाकिटं वल्लरीच्या हातात दिली. निकाल ज्याचा त्याला खासगीत कळवायचा, चारचौघांत मानहानी नको, असा नियम.

घरी येताना रिक्षात म्हणाला, "आपलं नाही जमलं. एक मत विरोधात गेलं."

"कोणाचं?"

"मला काय सगळ्यांची अक्षरं ओळखू येतात?"

मग पुलावर रिक्षा अडकली तेव्हा म्हणाला, "असो. तुला तरी कुठे पटलं होतं."

२ फेब्रुवारी, सोमवार

दाढी गुपचूप करतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट जास्त घालून. "छान झालीय," म्हणाला. अर्धी ठेवली.

गवती टोपी रुपालीला देऊन टाकली. तिचा नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, उन्हात उपयोगी पडेल म्हणे. हसत दिली. मी तोंड धुवायला गेले.

वल्लरीचा फोन नाही, मेसेज नाही. नापास झालेल्यांशी मुख्याध्यापिका बोलत नसावी. बरंच आहे! मी जिंकलेय. मग जिंकल्यासारखं का वाटत नाही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टरांना सगळं सांगितलं. पोर्तुगाल, डबे, डावा हात.

"काय लिहिलंस नेमकं?"

सांगितलं.

हसू लागल्या. खोकला येईपर्यंत. "आभार मानलेस? मूर्ख मुली! नकाराला कधी नागवं पाठवू नये, हे मीच घोकून घेतलं होतं तुमच्याकडून. पण त्या घरात नकार देऊन आभार मानणारी दुसरी कोण होती?"

वल्लरी? ती आभार मानून घेते. मुक्ताई? ती "न्हाई" म्हणून मोकळी. चिठ्ठी श्यामने वाचली. एकट्याने. दार लावून. त्या अर्ध्या तासात तो आत काय करत बसला होता!

सिस्टर म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी थांबणार होतीस? मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. श्यामलाही विचारलं नव्हतं. सगळ्यांना न विचारताच त्यांच्यासाठी काय काय करत बसले!

घरी आल्यावर त्याच्याकडे बघत राहिले. तो शब्दकोडं सोडवत होता. "काय गं?" म्हणाला. "काही नाही." त्याने एक आडवा शब्द विचारला, मी सांगितला.

उद्या बोलेन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही बोलले.

७ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही. एका घरात दोन माणसं, दोघांना माहीत, दोघं गप्प. लोणी लावायचं तेवढं राहिलंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात वल्लरी भेटली. पोर्तुगीजचा शब्दकोश घेत होती. मला बघून तोंड वळवलं, मग राहवलं नसावं. "श्यामरावांनी असं करायला नको होतं हं. तुमच्या डब्यातल्या आठच्या आठ चिठ्ठ्या 'हो' होत्या, मी स्वतः उलगडून बघितल्या. आणि दुसऱ्या दिवशी फोन — म्हणे, माझंच मन बदललं, सरोजिनीला काही विचारू नका, ती फार आशेवर होती!"

आठ. म्हणजे माझी काढून घेतली, आणि तिच्या जागी "हो" स्वतः लिहून ठेवलं. मग "नको" म्हणायला फोनवर तोच उभा राहिला.

वल्लरीने माझ्या दंडाला हात लावला. चक्क मायेने! "बिचाऱ्या तुम्ही. तुमच्या जागा मी अजून कोणाला दिलेल्या नाहीत. समजावून बघा ना त्यांना."

मी म्हटलं, "समजावते."