पाच नंबर पलटणीची सेवापूर्ती

ती. स्व. झुलालमामा यांस,

जळगावहून भाचा प्रेमराजचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). धुळ्यात लेकीकडे, सारिकाताईकडे, आपली तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि जिना चढताना आपण कठड्याला धरत असाल, अशी आशा आहे. धरत नसणार, हे माहीत आहे. खरं तर फोनवरच बोललो असतो. पण मामींच्या अहिराणीत 'बठ्ठं ठीक शे ना? मग ठेव' एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवता, आणि इथे बठ्ठं ठीक नाही. नेमकं काय बिघडलंय ते मलाही कळलेलं नाही, म्हणून लिहून बघतो. लिहिता लिहिता कळलं तर बरंच.

तर झालं असं, की पुखराजशेठनी (लग्नपत्रिकांच्या छापखान्याचे मालक, ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं 'पाच नंबर पलटण' हे लढाईचं चित्रमासिक काढतो) मला बोलावलं आणि म्हणाले, पोरं आता मोबाइलमध्येच लढतात, तेव्हा आपली लढाई थांबवू या. निरोपाचा एक अंक काढा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, शेठ, निरोपच द्यायचा तर निदान सुभेदाराला वीरमरण येऊ द्या, वाचक ढसाढसा रडेल. शेठनी कानांवर हात ठेवले. शेठ पडले जैन. आमच्या पलटणीने एवढ्या लढाया जिंकल्या, पण आजवर मुंगी मारलेली नाही. शत्रू एकतर पळून जातो, नाहीतर दोरीने बांधला जातो आणि सूर्य मावळायच्या आत त्याला जेवू घातलं जातं. (असं युद्ध कुठे होतं, असं एका वाचकाने विचारलं होतं.) शिवाय ज्या यंत्रावर शुभविवाह छापतो त्यावरच मढं छापलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहील का, हा शेठचा सवाल बिनतोड होता. तेव्हा ठरलं, की पलटण निवृत्त करायची, आणि हल्ली आपल्याकडे फौजी कायमचा घरी आला की उघड्या जीपमधून गाजावाजात मिरवतात, तसं शेवटच्या पानावर पाचही जणांना मिरवायचं.

इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं. मग शेठ म्हणाले, जाहिरात अगदी खऱ्यासारखी करा. आता छापखान्यात खऱ्या फौजींच्या सेवापूर्तीच्या फ्लेक्सचा मजकूर तयारच पडलेला असतो, फक्त नावं बदलायची. मी बदलली. 'पहूरचे भूषण, भारतमातेची लाडकी लेकरं' (पलटणीचं गाव मी पहिल्या अंकापासून आपलं पहूरच धरलंय), खाली सुभेदार रणधीर, नायक खंडेराव, स्वयंपाकी सदानंद, वायरलेसवाला पुना आणि बिजली. मिरवणुकीची तारीख म्हणून अंकाची तारीख टाकली. चेहरे मात्र चौघांचेच आले, कारण बिजली ही आमची तोफा वाहणारी खेचर, आणि तिचे कान काही केल्या चौकटीत बसेनात. खाली बारीक अक्षरात 'चित्रमासिकाचा निरोप अंक' असं लिहिलं होतं हो, पण पहूरच्या स्टँडवर नेमका त्या ओळीवरच कोण्या भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. चेहरे हाताने काढलेले आहेत, हेही कोणाला उमगलं नाही. हल्ली फ्लेक्सवर खऱ्या माणसालाही इतका गोरा करतात, की त्याची सख्खी आई विचारते, हा कोण?

पुढचं तुम्हीच ओळखा. नाही, नका ओळखू, मलाच अजून ओळखता आलेलं नाही. पहूरच्या पेठेतल्यांना वाटलं हे पाचही जण पलीकडच्या कसब्यातले, कसब्यातल्यांना वाटलं पेठेतले, आणि आपण मागे पडायचं नाही म्हणून दोघांनीही तयारी सुरू केली. पेठेच्या सुकदेवभाऊंनी जीप सांगितली, डीजे सांगितला, फुलं उधळायला जेसीबी सांगितला. कसब्याने त्याहून मोठा डीजे सांगितला. कसब्याच्या महिला मंडळाच्या बेबाबाईंनी तर 'बिजलीताई' हीच गावाची खरी शान, असं जाहीर करून तिच्यासाठी भरजरी साडी घेतली आणि खणानारळाने ओटी भरायचं ठरवलं. मला फोन करून विचारतात, ताईंना ब्लाउज कोणत्या मापाचा लागेल? तुम्हीच सांगा मामा, काय माप सांगणार?

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मुक्ताईनगरहून एक गृहस्थ घरी आले. त्यांचा मुलगाही फौजेत आहे, आणि बिजलीचं स्थळ त्यांच्या मनात पक्कं भरलं आहे. मी म्हटलं, अहो, नाही जमायचं. का म्हणून? मी गांगरून म्हटलं, तिचा स्वभाव बरा नाही, लाथा मारते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, फौजेतली मुलगी आहे, एवढं चालायचंच. आणि पत्रिका ठेवून गेले. आत ज्योती (तुमची भाचेसून) पदर तोंडात धरून बसली होती.

तिनेच मला हाकललं, की जा आणि गावात जाऊन खरं ते सांगा. गेलो. सुकदेवभाऊंसमोर सगळं बोललो. पाचही जण कागदावरचे आहेत, बिजली खेचर आहे, चूक माझी आहे. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, म्हणजे मिरवणुकीला ते येणार नाहीत का? मी म्हटलं, नाही. एकपण नाही? एकपण नाही. त्यांनी पुन्हा चहा मागवला. त्यांना समजलं नव्हतं, की मलाच काही समजलं नव्हतं, देव जाणे. शेवटी एवढंच म्हणाले, सांगितलेली जीप आता माघारी फिरत नसते, कसबा जन्मभर हसेल. मी उठून आलो.

असो. सारिकाताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांगावेत, माझ्या मूर्खपणाची वार्ता मात्र सांगू नये, ती जाऊ द्यावी आपल्यातच. गुडघ्याला तेल चोळत जावे.

आपला घोटाळ्यात अडकलेला भाचा,
प्रेमराज

ता. क. : मी निघालो तेव्हा सुकदेवभाऊ स्टँडपर्यंत सोबत आले. फ्लेक्सखाली उभे राहिले आणि म्हणाले, या सुभेदाराच्या मिशा मी कुठेतरी पाहिल्यात. तुमच्यापासून लपवून काय करू, मामा? सुभेदार मी पहिल्यापासून तुमच्यावरूनच काढत आलोय. ते म्हणाले, अरे, हा तर आपला झुलाल हवालदार! आणि मग म्हणाले, त्याची मिरवणूक काढली होती का रे आपण? पेठेत विचारलं, कसब्यात विचारलं. कोणी काढली नव्हती. तेव्हा ही रीतच नव्हती म्हणे. आता पेठ आणि कसबा मिळून एकच मिरवणूक ठरली आहे, आणि जीपमध्ये तुम्ही हवे आहात. मामा, याच. पत्र एवढ्यासाठीच होतं.

ता. क. २ : तुम्ही 'तमाशा नको' म्हणणार, हे ठाऊक होतं, म्हणून आधी मामींना विचारलं. मामी हसत हसत सांगू लागल्या, की तुम्ही फौज सोडून आलात तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते, झाडून सगळे शेतात. घराला कुलूप. तुम्ही गणवेशातच ओट्यावर ट्रंकेवर बसून राहिलात, दिवस मावळेपर्यंत. त्या आल्या तेव्हा उठून उभे राहिलात आणि फक्त विचारलंत, चहा मिळेल का? एवढं सांगून मामींचं हसणं थांबलं. माझंही त्या दिवशी शेवटचं पान काढून झालं नाही. मामा, मामी बहिणीकडे म्हणून निघाल्या, पण त्या तिकडे गेलेल्या नाहीत. पहूरला आहेत, ओटा सारवतायत. (सारिकाताईवर रागावू नका, तिला माहीत होतं.) जीपमध्ये बसा की नका बसू, त्यांचं काही म्हणणं नाही. निरोप एवढाच दिलाय : 'त्यासले सांग, कुलूप काढेल शे. मी घरमाच शे.'