हौसाचं दावं

१ फेब्रुवारी १९९९, सोमवार
धैर्यशीलच्या फौंड्रीनं वाटलेली डायरी महिनाभर कोरी पडलेली. पोरगं काय लिहीत नाही, मग मीच शुभारंभ केला. कारणही तसंच आहे. कोडोलीहून दादासोंचं पत्र आलंय. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, लिहायचं तेवढंच लिहितात. तुमच्या हौसाला बाविसावं लागलं. डाव्या डोळ्यानं दिसत नाही. न्यायची असेल तर उन्हाळ्याआधी न्या, पुढं तिला चाल झेपायची नाही. न्यायची नसेल तर तसं सांगा, आमच्याकडं राहील. काय ते एकदा ठरवा.
ठरवायचं काय त्यात? घोडी माझी. टांगा बंद केला तेव्हा चार महिने सांभाळायला म्हणून दिलेली. चार महिन्यांची सात वर्षं झाली ती कामाच्या रगाड्यात. पाडव्याला आणणार. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. पक्कं.
माझी वाट बघून बघूनच बिचारीचा डोळा गेला असणार.

३ फेब्रुवारी
तबेल्याची जागा मापली. तिथं आता बाथरूम आहे. फरशी मीच पसंत केलेली. दार अडीच फूट. हौसा आत जाईल, पण वळायची नाही. मागं मागं बाहेर यायला शिकवावं लागेल. चिमणाबाईला सांगितलं. म्हणाली, व्हय की, आणि सकाळचा बंब कोन पेटवनार, तीच न्हवं?
या बाईशी चाळीस वर्षांच्या संसारात एकदा गंभीर बोलता आलेलं नाही.

९ फेब्रुवारी
गुऱ्हाळावरून दोन किलो गूळ आणला, हौसासाठी. तिची खोड माझ्या खिशात तोंड घालायची. खडा मिळाल्याशिवाय पाऊल उचलायची नाही, टांग्यातली गिऱ्हाइकं खोळंबायची. गूळ कपाटावर ठेवलाय. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, त्यामुळं सुरक्षित आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार
आज नुसतं बघून यायचं ठरवलेलं. स्टँडवर गेलो. कोडोली गाडीला गर्दी. दुसरीला खिडकी नाही. तिसरीला खिडकी होती, पण तोवर उशीर झालेला. घरी आलो. गूळ खराब झाला नाही ना म्हणून चव बघितली. बरा आहे.

२२ फेब्रुवारी
शेजारचा आकाराम म्हैस विकून आला आणि दाव्यासकट देऊन बसला. साठी आली तरी अक्कल नाही. उंबऱ्यावर बसवून समजावलं. बाबा, जनावर विकलं की आपलं दावं सोडून घ्यायचं, घेणारा आपलं नवं घालतो. नाहीतर दाव्यामागनं गोठ्याची बरकत जाते. उसनं दिलं तर मात्र दाव्यासकट द्यायचं, म्हणजे दावं घराकडं येतं आणि त्याच्या टोकाला जनावर येतं. दावं ठेवून घेतलं की विषय संपला. आकाराम म्हणाला, तात्या, तुमास्नी लई ठावं.
ठावं आहेच. शाळा चौथीत सुटली, पण टांग्यावर बसून रोजचा पेपर वाचला आणि जनावरांत जन्म काढला.
हौसाचं दावं अजून माझ्या खुंटीला आहे. जाता-येता हात लावतो. घोडी माझी असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोर्टालाही लागायचा नाही.

१ मार्च
गूळ दीड किलो भरला. मुंग्या असणार. रक्तातली साखरही वाढली. हवामान.

६ मार्च
शेजारच्या फोनवर दादासोंचा फोन. काय ठरलं तात्या? म्हटलं, तयारी जोरात आहे. हौसाला गूळ पाठवू का? म्हणाले, दात राहिले नाहीत, चघळंल थोडा. दीक्षा रोज शाळेत शिकवायला जायच्या आधी डाळीची चुनी भिजवून घालते, तेवढं खाते.
दीक्षा म्हणजे त्यांची लेक. हौसा गेली तेव्हा परकर-पोलक्यातली होती. आता चुनी भिजवते. जनावराचे असले लाड करू नयेत.
शेवटच्या साली मी हौसाला काय घालत होतो ते इथं लिहीत नाही. डायरी फौंड्रीची आहे, उद्या कुणाच्या हातात पडली म्हणजे?

१७ मार्च, बुधवार
उद्या. येताना तिला चालवत आणायचं, वाठारला चहा. गुडघ्याची परीक्षा म्हणून रंकाळ्याला फेरी मारायला गेलो. अर्ध्यात बसलो. पाणी छान होतं.
हौसाला नेली त्या दिवशी मी ढसाढसा रडलो असं सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे मी कोपऱ्यावर तंबाखू घ्यायला गेलेलो. दुकानदाराशी बोलत उभा राहिलो, टापांचा आवाज लांब जाईपर्यंत. बरगड्या मोजता येत होत्या तिच्या. गल्लीतनं तिच्याबरोबर चालायची लाज वाटली.
हे लिहायचं नव्हतं.

१८ मार्च, पाडवा, सकाळी, गाडीत
गुढी उभारून निघालो. दावं पिशवीत. गूळ पावशेर राहिलेला, कागदात बांधून खिशात. उपाशीपोटी निघाल्यानं वडगावच्या अलीकडं चक्कर आल्यासारखं झालं. थोडा खाल्ला. दात नाहीत तिला, तिला काय उपयोग.

१९ मार्च, शुक्रवार
कालचं लिहितो.
हौसा चिंचेखाली उभी होती. अंग भरलेलं, मानेवरचे केस विंचरलेले. लांबूनच हौसे म्हटलं. एक कान वळला. मग हळूहळू आली आणि खिशात तोंड घातलं. खिशात नुसता कागद. तोच चाटत राहिली. मी चिंचेकडं बघत राहिलो.
मग पिशवीतनं दावं काढलं. दादासोंची आई यल्लव्वा ओसरीवर बसलेली. नव्वदीची आहे, पण नजर शाबूत. म्हणाली, ह्ये दावं कशाला आनलंसा, पावणं? त्या दिशी तुमीच की सोताच्या हातानं सोडून घेतलंसा. आमच्या दादानं नवं घातलं. तवाच मी म्हनलं, पावण्यानं घोडी दिली, लेक दिल्यागत. आता न्याया येत न्हाईत.
दादासो म्हणाले, आये, गप की. आणि खाली बघायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. तरी सात वर्षं प्रत्येक पत्रात तुमची हौसा असंच लिहीत आले.
मला तेव्हा रीत ठाऊक नव्हती, असं आज लिहिणार होतो. पण २२ फेब्रुवारीचं पान मागं तसंच आहे.
हौसानं खिशातला कागद ओढून काढला. मग मी माझं दावं हौसाच्या गळ्यात घातलं, त्यांच्या दाव्याशेजारी, आणि दादासोंच्या हातात टोक दिलं. म्हटलं, आता रीतीप्रमाणं उसनी. यल्लव्वा म्हणाली, मग न्याया कवा येनार? म्हटलं, दसऱ्याला. ती हसली. हौसा कागद चघळत होती.
घरी आलो तर चिमणाबाईनं खुंटीकडं बघितलं. घोडी कुठंय म्हणून विचारलं नाही. म्हणाली, दावं गेलं व्हय, मग बाजाराची पिशवी अडकवू का हितं?
अडकव, म्हटलं.