लेकीच्या घरचं पाणी

बाबा, आज फळीवरून तुमची स्टीलची बाटली खाली पडली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग जात नाही.

माझं अर्धंअधिक लिव्हर तुम्हाला चाललं. आईने तीन दिवस समजावल्यावर चाललं, पण चाललं. माझ्या घरचं पाणी मात्र चालेना. का, तर लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही! पवनारच्या घरी धूळ आणि ढोरं, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला वर्ध्याला माझ्याकडे ठेवायला सांगितलं. मग आई रोज सकाळी बसने तुमचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन यायची, आदल्या दिवशीची रिकामी डबा-बाटली परत न्यायची. पोटावरचे टाके सांभाळत दार उघडायला मी.

डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, एक आतड्याकडून येणारी जाड शीर आणि दुसरी बारीक धमनी. ती धमनी गव्हाच्या काडीएवढी, नुकतीच शिवलेली. तिच्यात गुठळी झाली तर दोघांनी पोट फाडून घेतलं ते सगळं वाया. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही. तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावलीत.

आणि आईला ताप आला त्या दिवशी तीच गोळी तळहातावर घेऊन बसलात. नऊ वाजतात, दहा वाजतात, तुम्ही खिडकीबाहेर बघताय.

"बाबा, गिळा न. माह्या घरचं पाणीबी उकळलेलंच हाय."

"बाटली येऊ दे."

"माय तापानं फणफणून राह्यली. काऊन जीव घेता?"

"रीत हाय ते हाय. थांबतो मी."

तुमचं काय, तुम्ही थांबाल. धमनी थांबणार होती का? मी रडतच आत गेले. थोड्या वेळाने पुढच्या दाराची कडी वाजली. "गाववाल्यानं आणून देल्ली," असं म्हणून मी डबा-बाटली तुमच्यापुढे ठेवली. गोळी गेली. आईचा ताप उतरेपर्यंत नऊ दिवस डबा-बाटली अशीच येत राहिली.

धमनी वाहती राहिली. तुम्ही पुढे सहा वर्षं जगलात, नातीला खांद्यावर घेऊन हिंडलात, आणि भेटेल त्याला ऐकवलंत, "लेकीचं लिव्हर घेतलं, पण नात होयपर्यंत तिच्या घरचं पाणी नाई पेलो." दर वेळी मी दात-ओठ खात गप्प बसले.

ही चिठ्ठी आता पाठवू कुठे? बाटलीतच घालून ठेवते. बाबा, त्या नऊ दिवसांत पवनारहून कोणीच आलं नव्हतं. आईची रिकामी डबा-बाटली मी माझ्याच ओट्यावर भरत होते, आणि मागच्या दाराने फिरून पुढची कडी मीच वाजवत होते.