म्हाळसा पोहायला शिकणार

आबा,

म्हाळसाला घेऊन तळ्यावर चाललेय. विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणाला असता, म्हणून विचारलं न्हाई. काल ती मैत्रिणींबरोबर चोरून तिथं गेली आन् गुडघाभर पाण्यात उतरली. तिचे पप्पा त्याच तळ्यात बुडाले, हे ठाऊक असूनही गेली. पोरीला किती दिस कोंडून ठेवायची? त्यापेक्षा पोहायला शिकू दे.

ज्यांनी ह्यांना बाहेर काढलं, ते लालमहंमदमामाच शिकवणार हायेत. लाइफ जॅकेट घेतलंय. गाळाच्या बाजूला जाणार न्हाई.

भाकरी आन् वांग्याचं कालवण झाकून ठेवलंय. राग आला असंल तर तळ्यावर येऊनच बोला. आबा काठावर बसले तर मी भिणार न्हाई, असं पोरगी म्हणतीया.

प्रगती