सरलाचा अंगठा

लोणखेडा, मंगळवार संध्याकाळ

पाय भरून आलेत. शहाद्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाची निवड रविवारी, आणि माझी धावण्याची वेळ आजही वाईटच. उसाच्या कडेच्या रस्त्यावर मी धावतो, बायको सरला मोबाईलवर स्टॉपवॉच लावते. आज मुद्दाम तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मी शेवटची रेघ ओलांडून थांबलो, तरी अंगठा बटणाच्या वरच!

चिडलोच. "तू रेघ देखस का नही?"

"मी तुमना गुडघा देखस. तुम्ही धड उभा ऱ्हातस, मंगच दाबस."

गेल्या वर्षी खेळताना गुडघा निखळला, तेव्हा महिनाभर तिच्याच खांद्यावर हात टाकून चालत होतो. तेव्हापासून हा अंगठा असा थांबतोय?

उद्या मोबाईल भावाकडे देतो. वेळ सुधारेल. पण मग गुडघ्याकडे कोण बघणार?