पाचवं शील

बाभुळगाव,
१८ जून २०२५

प्रिय संघदीप भाऊजी,
सप्रेम जयभीम.

तुमची अंजू बरी असेल, लेक प्रियंका सासरी रुळली असेल. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून चिठ्ठी लिहायला बसले. सवय गेली आहे, अक्षराला हसू नका. इकडे नळ एक दिवसाआड येतो, तेवढं सोडलं तर आम्ही बरे आहोत.

एवढं लिहिताना दोनदा उठले. फाटकाची कडी वाजली की उठावंच लागतं. तुमचे दादा बाहेर पडले की परतीची गल्ली त्यांना सापडत नाही. म्हणून कुलूप लावलं आहे, आणि ते येऊन येऊन कडी हलवून पाहतात. तेव्हा बरे आहोत हे खोटंच लिहिलं.

मागच्या पावसाळ्यात ते विजेच्या खांबावर चढले आणि अर्धा तास वरच बसून राहिले. पुढे काय करायचं ते आठवेना. तीस वर्षं लाइनमन असलेला माणूस. सोबतच्यांनी उतरवलं. मग साहेब घरी आले आणि घेतात का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, कधी कधी. पिणाऱ्याला ताकीद देऊन खालचं काम देतात, डोकं गेलेल्याला घरी बसवतात, असं माझं गणित. ज्यांनी जन्मात थेंब घेतला नाही त्यांना मी दारुडं केलं.

जानेवारीत नागपूरच्या डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, अल्झायमर. तो तर म्हाताऱ्यांना होतो, हे बावन्नचे, असं मी भांडले त्यांच्याशी. क्वचित या वयातही होतो, म्हणाल्या. औषधाने थोडा आधार मिळेल, पण आजार जाणार नाही. घरी येऊन मी कागद साड्यांच्या घडीत दडवले.

मग मे महिन्यात तुमच्या प्रियंकाचं लग्न. बौद्धाचार्य म्हणून दादांनीच लावावं हा तुमचा हट्ट. चार शीलं त्यांनी दिली आणि पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, येईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. वरपक्षाकडे हसू फुटलं. तुम्ही त्यांच्या हातून माइक काढून घेतला.

"दादा, आज तरी प्याची नव्हती."

ते तुमच्याकडे पाहत राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, आणि मी हो म्हणून मान हलवली. भाऊजी, कागद घरात येऊन तेव्हा चार महिने झाले होते. घराण्यात डोक्याचा आजार आहे हे वरपक्षाला कळेल म्हणून घाबरले. नोकरीसाठीही घाबरले. पण त्या मांडवात त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याशिवाय कोण होतं? अजून माझी मलाच लाज वाटते.

त्यांना ते लग्न आठवत नाही. रोज सकाळी पांढरा शर्ट मागतात. "चाल ममता, पोरीच्या लग्नाले उशीर होऊन राह्यला. संघ्या वाट पाहत असन." आधी मी सांगायची की लग्न झालं. मग "मले काहून नाही नेलं?" म्हणून रडायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, चूक दाखवू नका, सोबत राहा. आता मी शर्ट काढून देते, बटणं लावून देते, चहा ठेवते. तेवढ्यात विषय निघून जातो.

परवा सोमवारी साहेबांना कागद नेऊन दिले, खरं सांगितलं. त्यांनी रजेचा अर्ज घेतला, पुढचं वरून कळेल म्हणाले. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही या. मला माफ करू नका हवं तर, पण त्यांच्या शेजारी बसा. ओळखलं का, असं विचारू नका. "दादा, मी संघदीप" एवढं म्हणा. आज ते तुमचं नाव घेतात, आणखी किती दिवस घेतील ते डॉक्टरही सांगत नाहीत. कोणी सुरुवात करून दिली की अजून पाचही शीलं म्हणतात. ती सुरुवात तुम्ही करून द्या. लहानपणी तुम्हाला त्यांनीच पाठ करून दिली होती.

कडी पुन्हा वाजते आहे, उठते. त्या दिवशी मांडवात ते पाचवं शील विसरले. चौथं, खोटं न बोलण्याचं, मला चांगलं पाठ होतं. तरी मी मोडलं.

तुमची वहिनी,
ममता