टोपलीतले कोंब

केम्ची, ऑगस्टअखेर

प्रिय नेरेइदा,

अगं, वाफे तयार झाले! पत्रात आधी खुशाली विचारतात हे मलाही कळतं, पण एवढा धीर कुणाला आहे? उतारावरचा आजोबांचा तुकडा मी एकट्याने खणला. हिवाळा सरत आला तरी थंडी अजून बोटांना चावतेय, पाऊस हटायचं नाव घेत नाही, पण माती कुदळीखाली सुटी पडायला लागलीय. लसणाने हिरवी टोकं वर काढलीत. खिडकीत अंड्यांच्या खोक्यांमध्ये वाटाणे रुजलेत, आणि आईला मी तिथला पडदा ओढायची सक्त मनाई केलीय. ती म्हणते, "एवढी काळजी पुस्तकांची घेतली असतीस तर!"

मी गावी निघालो तेव्हा तूही बसस्टँडवर तेच ऐकवलंस. "मास्तरांशी भांडून कॉलेज सोडलंस, आता घरी जाऊन काय दिवे लावणार आहेस?" ते आठवलं की माझी कुदळ दुप्पट जोराने पडते. अर्धं शेत तुझ्यावरच्या रागाने खणलंय, उरलेलं कशाने ते तुला ठाऊक आहे.

खताच्या बाबतीत मात्र फजिती झाली. वादळानंतर किनाऱ्यावर शेवाळ येऊन पडलं होतं, नुसती चंगळ! सकाळभर गोळा करून छातीएवढा ढीग रचला आणि बैलगाडी आणायला धावलो. येऊन बघतो तर ढीग गायब. भरती कुठवर येते हे न बघताच रचला होता मी! संतापून हातातलं दाताळं समुद्रात भिरकावलं, आणि मग तेच आणायला कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. हे सगळं कोण बघत होतं? तुझी आई! "काय रे लिसांद्रो, समुद्राला खत घालतोयस का?" खिडकीतून ओरडल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. "वर ये आधी. गारठून मेलास तर बोल माझ्या पोरीला लागायचा."

चुलीपाशी बसवून ओतिलियाकाकूंनी मला माते, म्हणजे त्यांचा तो कडू पाल्याचा गरम चहा, पाजला, मग काय मनात आलं कोण जाणे, माळ्यावर नेलं. उजेडाला पसरलेले तुमचे ते काळे-जांभळे बटाटे, तुझ्या पणजीपासून चालत आलेलं बियाणं! सख्ख्या शेजारणीलाही काकूंनी त्यातला एक कधी दिलेला नाही. एक टोपली मात्र बाजूला काढलेली होती. मी हात घातला तर फाडकन चापट बसली.

"हे बी घराबाहेर जात नाही," त्या म्हणाल्या. "तू घरातला की बाहेरचा, ते मी कोण ठरवणार? पोरीला विचार. ती हो म्हणाली तर टोपली उचल. नाही म्हणाली तर बाजारातून आण, आणि तोंड पाडून माझ्या दारात बसू नकोस."

म्हणून हे पत्र, नेरेइदा. शेवाळ पुन्हा आणलं, मातीत मिसळलं. मधल्या सरी रिकाम्या ठेवल्यात, त्यांत दुसरं काही लावणार नाही. तुझं कॉलेज सोड असं मी चुकूनही म्हणणार नाही, आपल्या दोघांत एकाने सोडलं तेवढं पुरे. फक्त सप्टेंबरच्या सुट्टीत ये आणि पहिला बटाटा तुझ्या हाताने लाव. यायचं नसेल तर तसं कळव. मी थांबेन. हसू नकोस, खरंच थांबेन. पण कोंब थांबत नाहीत गं, नखाएवढे झालेत.

शेवाळाच्या वासाचा, तरीही तुझाच,
लिसांद्रो